फणसावरचा पहिला घाव

सोमवारी साहेबांनी पुन्हा विचारलं, तर भिकाजी पुन्हा खोटं बोलतील. ही काळजी काही केल्या माझ्या मनातून जात नाही. आज आमटीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी मुकाट्याने जेवून वर ताक घेतलं. नंदू मात्र म्हणाला, "आई, लक्ष कुठे आहे तुझं?" लक्ष कुठे आहे ते त्यालाही ठाऊक आहे.

घर निजलं आहे. नुसतं कूस बदलत पडून राहण्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणून बसले आहे.

भिकाजी म्हणजे आमच्या बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी राहणारे म्हातारे गृहस्थ. जमीन सरकारची, पट्टा भिकाजींचा. कुडाळकडच्या खेड्यातून तरुणपणी मुंबईला आले ते गवत कापायला. तेव्हा शहरात घोडागाड्या होत्या आणि तबेल्यांना गवत लागायचं. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, गवताचा धंदा बसला. भिकाजींबरोबरचे कापणारे कोणी गिरणीत गेले, कोणी गावी परतले. भिकाजींनी मात्र सरकारकडून हा माळ पट्ट्याने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाड्याने, घेतला. खाली कातळ आणि वर वीतभर माती. लोक म्हणाले, गवतसुद्धा धड उगवत नाही तिथे काय लावणार?

त्यांच्या बायकोने, सोनूबाईने, माहेराहून येताना फणसाच्या आठळ्या आणल्या होत्या, ओटीत बांधून. भाजून खायला म्हणून आणल्या आणि निम्म्या पुरल्या. भिकाजींनी कातळाच्या भेगा शोधून पहारीने खड्डे केले, सोनूबाईने ओढ्यावरून पाणी वाहिलं. उन्हाळ्यात ओढा आटला की आणखी खाली, विहिरीवर. तिच्या डोक्याचे केस मध्यभागी विरळ झाले होते, ते हंड्याने झाले असं ती सांगायची. भिकाजी म्हणायचे, "हंड्यान नाय वैनीनू, माझ्याशी भांडान झालेत."

आमची ओळख झाली ती नंदूमुळे. शाळा चुकवून तो त्यांच्या फणसावर चढला आणि हात मोडून घेतला. भिकाजी त्याला खांद्यावर टाकून ह्यांच्या दवाखान्यात घेऊन आले. मी रडत धावत गेले तर हे म्हातारबुवा (तेव्हा म्हातारे नव्हते, पण मला तसेच वाटले) शांतपणे म्हणाले, "डॉक्टरानू, माझ्या झाडावयलो पडलेलो फणस हाडलंय. पिकूक नाय, पण फुटलो मात्र."

माझं माहेर सावंतवाडीचं. मुंबईत इतकी वर्षं काढून ती बोली कानांवर पडली आणि रडता रडता मला हसू आलं.

तेव्हापासून दर वर्षी पहिला पिकलेला फणस आमच्याकडे यायचा. तो कापायला सोनूबाई स्वतः यायची. हाताला तेल लावून अंगणात बसायची आणि आळीतली सगळी पोरं भोवती जमायची. भिकाजी ओट्यावरून टोमणे मारायचे. "फणसाक भायेर काटे आणि आत गरे. आमच्या घरात मात्र भायेरसून आतपर्यंत काटेच."

ती मान वर न करता म्हणायची, "तुमच्या डोक्यात तरी गरे खय आसत? नुसतो चीक!"

दोन वर्षांमागे सोनूबाई गेली. कावीळ झाली आणि ह्यांचे सगळे उपाय थकले. त्या वर्षी भिकाजी अख्खा फणस खांद्यावरून घेऊन आले, अंगणात ठेवला आणि उभेच राहिले. म्हणाले, "तुमीच कापा, वैनीनू. कापूक तिचो हात होतो. माझो नाय." मी कापला. गरे फाटले, चीक सगळीकडे लागला. त्यांनी एकही तोंडात घातला नाही.

या वैशाखात सरकारने डोंगराच्या त्या बाजूच्या इमारती लाकडाचा लिलाव केला. साग होता, ऐन होता, आणि यादीत शेवटी 'माळावरील इतर झाडे'. भिकाजींचे फणस त्या 'इतर' मध्ये गेले. फणसाचं लाकूड पिवळंधमक, वाळवी लागत नाही. ठेकेदार ते सोडणार नव्हता.

भिकाजी पट्ट्याचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मी वाचून दाखवला. जमिनीवर आधीपासून असलेली झाडं सरकारची. पट्टेदाराने स्वतः लावलेली तोडली, तर त्याला भरपाई. ती किमतीने मिळेल, किंवा तितकीच जागा दुसरीकडे पट्ट्याने मिळेल. मात्र पट्टेदाराने तोडीच्या दिवशी, तोड सुरू होण्याआधी, आपली हरकत नोंदवली पाहिजे.

"भिकाजी, हे विसरू नका हं. त्याच दिवशी, आणि कुऱ्हाड लागायच्या आधी."

"विसरान कसां? झाडां काय डोळ्यांआड आसत?" मग कागदाची घडी घालत म्हणाले, "पैशे नको माका. जागा गावली तर बरां. सोनूचे आठळे परत लावीन."

नंदू यंदाच त्याच सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला आहे. वर्षभर अर्ज करून मिळालेली नोकरी, तीही अजून कच्ची. तोडीच्या दिवशी पंचनामा लिहायला नेमकं त्यालाच पाठवलं. घरातून निघताना डबा विसरला. वैशाखातलं ऊन, त्यातून पित्ताची प्रकृती, माझा जीव राहिना. मी डबा घेऊन टांग्याने पायथ्यापर्यंत गेले आणि पुढे माळ चढले. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की विचारू नका.

"आई! अगं तू इथे कशाला आलीस? साहेब येतायत आता. हसतील सगळे."

"हसू देत. उपाशी राहिलास की दुपारी डोकं धरून बसतोस."

"बरं, ठेव तिथे. आणि तू त्या झाडामागे बस, दिसू नकोस."

मी बसले. भिकाजी आले आणि नंदूला म्हणाले, "नंद्या, ही झाडां मीया लावलंय. माझी हरकत आसा. लिवन घी."

नंदू म्हणाला, "लिहितो काका. साहेबांसमोर लिहावं लागतं. त्यांची जीप खाली थांबली आहे, त्यांना घेऊन येतो. तोवर कोणी झाडाला हात लावणार नाही." ठेकेदाराच्या मुकादमालाही तसं बजावून तो खाली गेला.

मुकादमाचं नाव दशरथ. आवाज मोठा, अंग त्याहून मोठं. त्याला घाई होती. गाड्या येऊन उभ्या होत्या. पण त्याची माणसं कुऱ्हाडी जमिनीवर ठेवून खाली बसली होती. झाडं फळांनी लगडलेली. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फणस. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "फळाला आलेलं झाड आहे आणि लावणारा समोर उभा आहे. त्याने नारळ देऊन सोडवल्याबिगर आम्ही हात लावणार नाही."

दशरथ भिकाजींकडे आला. "बाबा, द्या की एक नारळ. माझी माणसं अडून बसलीत."

"साहेब येवंदेत. मगे बघू."

"साहेब येतील तेव्हा येतील. झाडं तर आज पडणारच आहेत ना? तुम्ही नारळ नाही दिलात तर मी ह्यांना तसंच चढवतो. मग खाली कोण आलं, कोणाच्या डोक्यात फांदी पडली, ते तुमचं तुम्ही बघा."

एवढं ऐकून भिकाजींनी त्या माणसांकडे वळून पाहिलं. का ते मला ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या भावाने गावी एक आंबा असाच, नारळ न देता तोडला होता. फांदी पायावर आली. पाय गेला, आणि पुढे चार वर्षांनी भाऊही गेला. भिकाजींनी हे कितीदा तरी आमच्या ओट्यावर सांगितलं होतं. आपण शिकलेले लोक त्याला योगायोग म्हणू. ते म्हणत नाहीत.

त्यांनी त्या वयस्कर माणसाला विचारलं, "पोरांबाळां आसत?"

तो म्हणाला, "आहेत."

भिकाजी ओढ्यावर गेले, ओलेत्याने परत आले. झोपडीतून नारळ आणला, मूठभर तांदूळ आणले. पहिल्या झाडापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालू लागले.

"बा देवा म्हाराजा! ह्या झाडार जी काय पाखरां, जी काय वस्ती आसा, तेणी आज दुसरो आसरो बघूचो! ही माणसां पोटासाठी इलेली आसत, तेंचो दोष नाय. घाव माझो, दोष माझो. जां काय लागात तां माझ्या माथ्यार येवंदेत, ह्या लेकरांच्या माथ्यार नको!"

इथे सोबतच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. पण तोडणारी माणसं दुसऱ्या मुलखातली, त्यांना ते माहीत नव्हतं. भिकाजी थांबले. कोणीच बोलेना. तेव्हा झाडामागून मी म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. नारळ फोडला, कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घातला. त्यांच्या घराण्याची रीत अशी की लावणाऱ्याने पहिला घाव घालायचा, म्हणजे परक्यावर पाप येत नाही. आणि एकदा घाव घातला की शेवटचं झाड पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

नंदू साहेबांना घेऊन वर आला तेव्हा नारळाची शकलं बुंध्याशी पडलेली होती आणि कुऱ्हाड भिकाजींच्या हातात होती. तो गोंधळला. "काका, हे काय? मग हरकत?"

भिकाजी बोलले नाहीत. साहेबांनी विचारलं, तरी बोलले नाहीत. मी पुढे झाले, पण नंदूने डोळ्यांनी असं दटावलं की मी मागे सरले. मला वाटलं, संध्याकाळी घरी सांगता येईल. कागद एकदा लिहिला की संध्याकाळपर्यंत थांबत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही.

नंदूने लिहिलं: 'पट्टेदाराने स्वतः पूजा करून तोडीस प्रारंभ करून दिला. विचारणा केली असता हरकत सांगितली नाही.' साहेबांसमोर झालं तेवढंच लिहायचा नियम, आणि त्याने पाहिलं तेच लिहिलं. शेवटचं झाड पडल्यावर त्याने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. भिकाजी आडव्या पडलेल्या फांद्यांमधलं एक घरटं उचलून बाजूला ठेवत होते. येऊन अंगठा दिला आणि पुन्हा तिकडे गेले.

भरपाईचा अर्ज ह्यांचे मित्र श्यामकांत वकील यांनी केला, फी न घेता. मी तिथे होते हे नंदूच्या काळजीने मी त्यांना सांगितलं नव्हतं. परवा सुनावणी झाली. नंदू कामकाज लिहायला तिथेच होता. घरी येऊन त्याने सांगितलं, तेही तुटक तुटक.

साहेब माणूस वाईट नाही म्हणे. त्यांनी विचारलं, "पहिली कुऱ्हाड कोणी मारली?"

"मीया मारलंय, साहेब."

"कोणी जबरदस्ती केली?"

"जबरदस्ती नाय. रीत ती."

दशरथ म्हणाला, "साहेब, बाबांनी आपणहून नारळ दिला. आम्ही कशाला मागू?" ती तोडणारी माणसं तर केव्हाच दुसऱ्या जंगलात कामाला गेलेली.

श्यामकांतांनी रीत समजावून सांगितली. साहेब म्हणाले, "असेलही. पण मला ते कोणी पाहिलेलं हवं. तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

नंदू म्हणाला, त्या वेळी भिकाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहून म्हणाले, "कोण नव्हता."

"नीट आठवा. सोमवारी निकाल देतो, तोवर साक्षीदार असेल तर आणा."

"कोण नव्हता, साहेब."

हे सांगताना नंदूने चहाचा कप हातात घेतला होता. तो त्याने न पिताच ठेवून दिला.

काल मी माळावर गेले. मोठमोठी खोडं उभी असायची तिथे आता बुडख्यांभोवती पावसाचं पाणी साचलं आहे. झोपडीच्या पडवीत तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडले होते. त्यांत त्या दिवशी पडलेल्या फणसांच्या आठळ्या लावलेल्या. त्यांची रोपं हातभर झाली आहेत, पानं हिरवीगार. भिकाजींनी एक डबा उचलून तळ दाखवला. भोकातून पांढरं मूळ बाहेर आलं होतं.

"फणसाचा मूळ सरळ खाली जाता. डब्यात गोल फिरूक लागला काय झाड गेला. ह्या पावसात मातयेत व्हया."

"आणि जागा नाही मिळाली तर?"

"ह्या माळार लावक देवचे नाय, पट्टो संपलो. गावाक पुतणे आसत, जमीन तेंची. झील आरे कॉलनीत म्हशींकडे. म्हणता, बाबा, माझ्या खोलयेत येवन रवा." डबा जागेवर ठेवत ते किंचित हसले. "मी रवान. झाडां म्हशी खातीत."

मी विचारलं, "भिकाजी, मी तिथे होते. तुम्ही नाही का म्हणालात?"

ते पानांवरची एक अळी शोधत राहिले. मग म्हणाले, "झील तुमचो. नोकरी कच्ची. तेणा लिवला आणि तेची आवस उलटा सांगता, असां नको. लोक काय म्हणतीत तेका?"

"अहो, पण तुमची झाडं..."

"झाडां गेली, वैनीनू. लेकरू कित्या जावंदे?"

सोनूबाईला मूल झालं ते फार उशिरा, तेही एकच. नंदूला खांद्यावर टाकून आणलं तो दिवस मला आठवला. मी छत्री विसरून तशीच घरी आले.

रात्री नंदूशी बोलले. तो म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस. हेडक्लार्क आत्ताच म्हणतात, पंचनामा जमत नसेल तर सांग. तू तिथे डबा घेऊन आली होतीस हे कळलं, तर म्हणतील पुढच्या वेळी आईलाच नेमू या."

"म्हणू देत. टोमण्याने नोकरी जाते का?"

"टोमण्याने नाही, अहवालाने जाते."

"मग तूच सांग, तू लिहिलंस ते खरं आहे?"

तो चिडला. "मी पाहिलं ते लिहिलं! न पाहिलेलं कसं लिहू?" आणि एकदम त्याचा आवाज खाली आला. "मी नव्हतो गं तिथे. मी जीपकडे गेलो होतो. काकांना म्हणालो होतो, कोणी हात लावणार नाही."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बावीस वर्षांचा मुलगा, पण पाठीची हाडं तशीच लागतात हाताला. मला त्याच्यासाठी भीती वाटते, ती काही जात नाही. कच्ची नोकरी गेली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्षभर रिकामे हात, पुन्हा डोकं धरून बसणं. हे सगळं मी आजही मोजते आहे. मोजून झालं की ते मूळ डोळ्यांसमोर येतं, भोकातून बाहेर आलेलं, माती शोधणारं.

भिकाजींच्या बाजूला ते एकटेच उभे आहेत आणि तेही माझ्या मुलाला झाकायला खोटं बोलताहेत. सोमवारी पुन्हा बोलतील. सुनावणी संपेल, दशरथाचं म्हणणं कागदावर राहील, आणि भिकाजी ते डबे घेऊन कुठे जाणार ते कोणी विचारणार नाही.

नंदूने पाहिलं नाही ते त्याने लिहिलं नाही, यात त्याचं काही चुकलेलं नाही. मी साक्ष दिली तर त्याचं लिहिणं खोटं ठरत नाही, फक्त अपुरं ठरतं. हे साहेबांना पटेल का, ठाऊक नाही. हेडक्लार्कला पटणार नाही. नंदूला सकाळी मी चहाच्या आधी सांगणार आहे, म्हणजे त्याला बाहेरून कळायला नको. रागावेल. रागावू दे, घरातच रागावलेला बरा.

फोन दवाखान्यात आहे. किल्ली ह्यांच्या उशाखाली असते, उठल्यावर मागून घेईन. उद्या रविवार, श्यामकांत घरी असतात, पूजा आटोपून पेपर वाचत बसतात. त्यांना फोन करून सांगायचं, भिकाजी 'कोण नव्हता' म्हणाले ते खरं नाही. झाडामागे मी होते. दशरथाने नारळ मागितलेला मी ऐकला, आणि गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणाले ती मीच.